ठिबकने पाणी वाचलं, तरी विहिरी का आटल्या?

पर्यावरण वाचवणारी नवीन टेक्नॉलॉजी म्हटलं की सध्या व्हॉट्सॲपवर काय काय फिरतं, ड्रोनने डोंगरावर बी टाकणं, एआयवाला पाण्याचा सेन्सर, हवेतला कार्बन ओढून घेणाऱ्या मशिनी, आणि खाली ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचे अंगठे न् हात जोडलेले. मला त्या व्हिडिओंचा राग नाही, मीही बघतो, दोन-चार जणांना पाठवतो पण. फक्त आपण जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांनी ते बघताना एवढं लक्षात ठेवावं की अशी एक जबरदस्त टेक्नॉलॉजी आपल्याकडे येऊन तीसेक वर्षं होऊन गेली, ती फेल गेली असंही नाही, उलट गावोगाव चालली, आणि तरी जे व्हायला नको होतं ते झालंच. ठिबकबद्दल बोलतोय मी, म्हणजे नळीतून झाडाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी.

ठिबकला नावं ठेवायचा माझा विचार नाही हं, आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कमेंटमध्ये रावेर-यावलचे केळीवाले माझा घड उतरवतील. ठिबक नसतं तर आज केळी राहिली असती का हीच शंका आहे. जैन इरिगेशनच्या भवरलाल जैनांनी जळगावातून ठिबक गावागावात नेलं, मागून टिश्यूची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं आली, ग्रँड नैन ही जात आली, खत पण नळीतून जायला लागलं, आणि 2016 ला जळगावच्या केळीला जीआय टॅग पण मिळाला. मे महिन्यात इकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा केळीच्या एका झाडाला दिवसाला वीसेक लिटर पाणी लागतं. एकरात सतराशेच्या आसपास झाडं धरा, म्हणजे रोजचे चौतीस हजार लिटर झाले, फक्त एका एकराला. हे पाटाने द्यायचं म्हटलं असतं तर किती लागलं असतं त्याचा हिशोबच नको.

मग एवढं पाणी वाचवणारी गोष्ट गावोगाव पोचली तर सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यातली पाणीपातळी वर यायला पाहिजे होती ना? आली का? जिथे आपल्या आजोबांच्या काळी मोटेने विहिरीतून पाणी काढायचे, त्याच शिवारात आता बोअर शेकडो फूट खाली गेलेत, आणि दर दोन-तीन वर्षांनी मोटर अजून चार पाईप खाली सोडावी लागते. विहीर तर नुसती नावाला, बोअरचं पाणी साठवायची टाकी म्हणून वापरतात.

असं का झालं याचं उत्तर आमचे चोपड्याकडचे एक नातेवाईक एका वाक्यात देतात, हसत हसत: "पानी वाचनं ना भो, मंग आखो दोन एकर लाई दे." (पाणी वाचलं ना भाऊ, मग अजून दोन एकर लावून टाक.) झालं, सगळा पेपर सुटला. आधी एका विहिरीवर तीन एकर भिजायचं, ठिबक आलं तसं त्याच विहिरीवर सहा एकर भिजायला लागलं, जिथे ज्वारी-कपाशी होती तिथे पण केळी चढली, मग विहीर पुरेना म्हणून बोअर. यात शेतकऱ्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, हातात वाचलेलं पाणी असताना आणि केळीला भाव असताना कोण रान पडीत ठेवेल? तुम्ही ठेवाल? पण एकरी पाणी वाचलं आणि शिवाराचं एकूण पाणी जास्त गेलं, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि आपण भाषणात फक्त पहिलं बोलतो.

अजून एक बारीक गोष्ट आहे जी सहसा कोणी सांगत नाही. पाटाने पाणी दिलं की ते सगळं वाया जातं असं आपण धरून चालतो, पण त्यातलं बरंचसं जमिनीत मुरून परत खालच्या विहिरीला मिळायचं. ठिबकने ते मुरणं कमी केलं (ठिबकचं काम तेच आहे), आणि ते पाणी वाढीव केळीच्या पानांतून वाफ होऊन वर गेलं. पानातून वर गेलेलं पाणी आपल्या शिवारात परत येत नाही. हे फक्त खान्देशात झालंय असंही नाही, 2018 मध्ये सायन्स या साप्ताहिकात ग्राफ्टन आणि इतर संशोधकांनी जगभरचे दाखले देऊन हेच मांडलं होतं, की सिंचन जितकं कार्यक्षम होतं तितका नदी-भूजलाला फायदा होतोच असं नाही, वरून वापरावर मर्यादा नसेल तर उलटंच होतं.

आणि फटका कोणाला बसतो ते बघा. ज्याच्याकडे पैसा आहे तो अजून खोल जातो. ज्याची दीड-दोन एकर आहे आणि जुनी साठ फुटी विहीर आहे त्याचं पाणी आधी संपतं, तो मग एकतर शेजाऱ्याकडून पाणी विकत घेतो नाहीतर शेत बटाईने देऊन जळगावात एमआयडीसीत कामाला लागतो. पर्यावरणाचा ऱ्हास वगैरे मोठे शब्द वापरतो आपण, आमच्याकडे त्याचा पहिला अर्थ हाच निघतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नवीन टेक्नॉलॉजीचे दोन भाग करा. एक वाचवणारी आणि एक मोजणारी. वाचवणारीवर आपण सबसिडी देतो, प्रदर्शन भरवतो, पालकमंत्र्यांच्या हस्ते फीत कापतो. मोजणारीला कोणी विचारत नाही, कारण मोजलं की कोण किती उपसतोय ते दिसतं आणि गावात भांडण लागतं. मला वाटतं ते भांडण लागलंच पाहिजे, उशिरा लागण्यापेक्षा आत्ता लागलेलं बरं, कारण त्या भांडणातूनच काहीतरी मर्यादा ठरेल, आणि मर्यादा ठरल्याशिवाय वाचवणारं कुठलंही यंत्र आणा, वाचलेलं सगळं दुसऱ्या बाजूने जाणार.

आता सोलर पंपाचं घ्या. पीएम-कुसुम 2019 ला आली, मग आपल्या सरकारने मागेल त्याला सौर कृषी पंप आणली, शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे (एससी-एसटीला पाच), बाकी सरकार. योजना चांगली आहे, मनापासून सांगतो. रात्री दोनला लाईट येणार म्हणून थंडीत बॅटरी घेऊन शेतात जायचं, बांधावर साप, ऊसात बिबट्या, हे ज्यांनी केलंय त्यांना दिवसा पाणी भरायला मिळणं म्हणजे काय ते विचारा. डिझेल नाही, धूर नाही, कोळसा नाही. सगळं खरं. पण इतकी वर्षं आपल्या भूजलाला थोडाफार कोणी वाचवलं असेल तर ते लोडशेडिंगने! बिलाने तर नाहीच, बिल कोण भरत होतं, आणि 2024 पासून साडेसात एचपीपर्यंत ते माफच आहे. लाईटच आठ तास, त्यात पण ट्रिप, डीपी जळाली की चार दिवस बंद, म्हणून मोटर थांबायची. सोलरला डीपी नाही न् बिल नाही, ऊन तर खान्देशात बाराही महिने, म्हणजे मोटर थांबवायचं एकही कारण उरत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात तुम्ही असे हजारो पंप बसवले आणि बाकी काही केलं नाही, तर कार्बन वाचेल आणि पाणी जाईल.

यावर उपाय नाही असं नाही. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात धुंडी नावाचं गाव आहे, तिथे 2016 मध्ये काही शेतकऱ्यांनी सोलर पंपाची सहकारी संस्था काढली आणि पंप ग्रिडला जोडले, म्हणजे पाणी भरून झालं की उरलेली वीज वीज कंपनीला विकायची. मोटर बंद ठेवली तर पैसे मिळतात! नंतर 2018 ला गुजरात सरकारने याच धर्तीवर सूर्यशक्ती किसान योजना पण आणली. आता यावर शंका घेणारे पण आहेत, की शेतकरी वीजही विकेल न् पाणीही तेवढंच काढेल, आणि केळीला जेव्हा क्विंटलला चांगला भाव असतो तेव्हा युनिटच्या चार-पाच रुपयांना कोण विचारतो, हे बरोबरच आहे. पण निदान न उपसलेल्या पाण्याला काहीतरी किंमत आली ना. आज ती शून्य आहे. माझं स्पष्ट मत आहे की ज्या तालुक्यांत पाणी खोल गेलंय तिथे सुटा सोलर पंप देऊच नये, ग्रिडला जोडलेलाच द्यावा आणि विजेचा दर असा ठेवावा की उन्हाळी बागेचा शेवटचा एकर लावायचा की नाही याचा माणूस दोनदा विचार करेल. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात तर शिवाजीनगरला 125 मेगावॅटचा सोलर प्रकल्प 2013 पासून उभा आहे, ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांची रांग आहे, म्हणजे खान्देशातून वीज बाहेर पाठवणं आपल्याला नवीन नाही. फक्त त्यात पैसा कंपन्यांचा होता, आता शेतकऱ्याचा होऊ द्या.

मोजणारी टेक्नॉलॉजी म्हणजे तरी काय, फार अवघड नाही. निरीक्षण विहिरीत सोडलेला एक सेन्सर, जो पाणी किती फुटावर आहे ते मोबाईलच्या सिमवरून पाठवतो. अटल भूजल योजनेत जळगाव जिल्ह्यातली गावं पण होती, त्यात गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा होता, पाऊस किती पडला, मुरला किती, पिकांना लागतं किती. काही गावांत भिंतीवर तो ताळेबंद छान रंगवला पण. वरून आता निसार आहे, नासा आणि इस्रोचा उपग्रह, 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून गेला, तो दर 12 दिवसांनी तीच जमीन रडारने बघतो, ढग असोत नाहीतर रात्र असो, मातीतली ओल बघतो आणि भूजल उपसून जमीन खचत असेल तर तेही सेंटिमीटरमध्ये पकडू शकतो. युरोपचा सेंटिनेल-2 तर दर पाच दिवसांनी दहा मीटरपर्यंतचं बारीक दिसेल असे फोटो देतो, तेही फुकट, म्हणजे तुमच्या गावात यंदा कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावायची केळी) किती लागली ते ई-पीक पाहणीआधी दिसू शकतं.

एवढं सगळं दिसतंय, मग अडलं कुठे? अडलंय ते माहिती ऑफिसात राहते तिथे. पाणीपातळीचा आकडा पुण्याला भूजल खात्याकडे जातो, तिथून रिपोर्ट निघतो, रिपोर्टात तालुक्याला कुठलातरी रंग मिळतो, आणि ज्या माणसाची मोटर चालू आहे त्याला ते कळत पण नाही. 2009 चा राज्याचा भूजल कायदा आहे, त्यात 60 मीटरपेक्षा खोल बोअरवर बंधन आहे, म्हणजे साधारण दोनशे फूट. यावल-रावेरला कोणाही बोअरवाल्याला दोनशे फूट म्हणा, गाडी पण चालू करणार नाही तो. तहसीलदाराने येऊन बोअर बंद पाडावेत असं माझं म्हणणं नाही, तसं होणारही नाही, झालं तरी ज्याची ओळख आहे त्याचा चालू राहील. कायदा पुण्या-मुंबईत झाला आणि मोजणी पण तिकडेच गेली, म्हणून गावाला ते आपलं वाटत नाही.

आणि गावाने मिळून पाणी मोजून वाटायचं हे आपल्याला शिकवायला कोणी बाहेरून यायची गरज नाही. धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीकाठची फड पद्धत तीनशे-चारशे वर्षं चालली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटावर फड म्हणजे शेतांचे गट, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, सगळ्यांवर हवालदार. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची, त्यामुळे पाऊस कमी झाला की एखादा फड कोरडा ठेवायचं ठरलं तर तोटा सगळ्यांना सारखा. याच्यात सेन्सर नव्हता, सॅटेलाईट नव्हता, पण यंदा पाणी किती आणि ते कोणाला किती हे अख्ख्या गावाला माहीत होतं. (हे सगळं आदर्श होतं असं म्हणत नाही, ज्याला जमीनच नव्हती त्याला फडातून काय मिळालं हा प्रश्न आहेच.) मग वर धरणं झाली, घरोघरी मोटारी आल्या, आणि जमिनीखालचं पाणी ज्याच्या त्याच्या बांधापुरतं खाजगी झालं. नदीचं पाणी डोळ्याला दिसायचं म्हणून वाटता आलं, जमिनीखालचं दिसत नाही म्हणून वाटता आलं नाही, आणि इतिहासात पहिल्यांदा ते दिसायची सोय झालीय. म्हणून मला त्या सेन्सरचं एवढं कौतुक आहे.

जंगलाची गोष्ट पण याच रस्त्याने जाते. ड्रोनने सातपुड्यावर बीजगोळे टाकायचे व्हिडिओ भारी दिसतात, पण पावसाळ्यात पडलेलं बी उगवलं तरी पुढच्या मार्चात तिथे वणवा लागला, नाहीतर शेळ्या गेल्या, तर राहिलं काय? वणवा लागतो तो बऱ्याचदा मोहाच्या दिवसात, फुलं वेचायला जमीन साफ पाहिजे म्हणून पालापाचोळा पेटवतात. यात पेटवणारा जंगलाचा दुश्मन आहे असं समजून चालणार नाही, त्याच्या घरचे दोन महिने त्या फुलांवर निघतात, झाडाखाली जाळी अंथरायला मिळाली तर तो कशाला पेटवेल. आता डेहराडूनची फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया सॅटेलाईटवरून आग दिसली की एसएमएस पाठवते, नोंदणी कोणालाही करता येते, फुकट. तो एसएमएस गार्डच्या मोबाईलवर येऊन पडून राहिला तर काय उपयोग, धडगाव-अक्कलकुव्यात जिथे वनहक्काचे सामूहिक दावे मंजूर आहेत (म्हणजे जंगल राखायचा हक्क गावाकडे आहे) तिथल्या समितीच्या पोरांच्या मोबाईलवर आला पाहिजे, कारण ते अर्ध्या तासात पोचतील.

बारीपाडा तर आपल्याच साक्री तालुक्यात आहे. उघडा पडलेला डोंगर चैत्राम पवार आणि गावाने 1990 च्या दशकापासून राखला, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडला नियम की दंड, दगड-मातीचे बांध, आज चारशे हेक्टरच्या वर जंगल आहे, गावाला पाणी आहे, वनभाज्यांचा महोत्सव भरतो, आणि 2025 ला पवारांना पद्मश्री मिळाली. तिथे ड्रोन नव्हता. पण आता तिथे ड्रोन आणि सॅटेलाईट दिला तर काम दुप्पट वेगाने होईल, असं माझं मत आहे, कारण त्या माहितीचं काय करायचं हे ठरवणारी माणसं तिथे आधीच बसलेली आहेत.

कपाशीकडे येतो, नाहीतर पारोळा-एरंडोलवाले म्हणतील आमचं काय. पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरलेली कपाशीची वाळकी झाडं) हेक्टरी दोन-तीन टन निघते आणि बहुतेक ठिकाणी बांधावर पेटवून देतो आपण. मुंबईची कापूस तंत्रज्ञान संस्था सिरकॉट, तिने पऱ्हाटीपासून बोर्ड, पेलेट, ब्रिकेट सगळं करून दाखवलंय. औष्णिक केंद्रांनी कोळशात पाच टक्के बायोमास मिसळायचं केंद्राचं धोरण 2021 पासून आहे, आणि आपलं भुसावळजवळचं दीपनगरचं औष्णिक केंद्र हाताच्या अंतरावर. पऱ्हाटी हवेशिवाय जाळून बायोचार केला तर त्यातला बराचसा कार्बन शेकडो वर्षं मातीत राहतो, ओलही धरतो. शिवाय फरदड (हंगाम संपल्यावरही पुढे ओढलेली कपाशी) बंद होऊन शेत वेळेवर रिकामं झालं तर गुलाबी बोंडअळीची साखळी तुटायला मदत होते, तो फायदा वेगळा. हे करण्यासारखं आहे, गट शेतीतून श्रेडर (पऱ्हाटीचे तुकडे करणारं मशीन) घेऊन लगेच करण्यासारखं.

पण दगडाच्या पावडरीच्या मागे लगेच लागू नका. बेसॉल्टची म्हणजे आपल्या काळ्या दगडाची भुकटी शेतात टाकायची, ती झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साईड धरून ठेवते, त्यावर भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांबरोबर काम करणाऱ्या माती कार्बन या कंपनीला एप्रिल 2025 मध्ये एक्सप्राईझ या जागतिक स्पर्धेचं 5 कोटी डॉलरचं बक्षीस मिळालं. सायन्स खरं आहे. आपल्याकडे क्रशर पण भरपूर, म्हणून आता कोणीतरी खडीची भुकटी घेऊन तुमच्या दारात येईल आणि कार्बन क्रेडिटचे (धरून ठेवलेला कार्बन कंपन्यांना विकल्याचे) पैसे मिळतील म्हणून सांगेल. तर लक्षात घ्या, ही पद्धत आम्लधर्मी, जास्त पावसाच्या जमिनीत चांगली चालते, आपली काळी जमीन आधीच त्याच दगडापासून झालेली, वरून चुनखडीची. सह्या करण्याआधी माती तपासा आणि क्रेडिट कोणाच्या नावावर जमा होणार ते वाचा.

आता राहिला तापी मेगा रिचार्ज. मे 2025 मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशचा करार झाला, सातपुड्याच्या पायथ्याला बझाडा म्हणजे दगडगोट्यांचा जो थर आहे त्यात तापीचं पुराचं पाणी मुरवायचं. भूशास्त्राच्या दृष्टीने कल्पना चांगली आहे, तो थर पाणी पितो, शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल करून थर बघून पाणी मुरवायचं काम केलं, त्यातून दिसलं की जमिनीखालची रचना ओळखून काम केलं तर विहिरी भरतात. पण वरून मुरवायचं आणि खालून किती काढायचं हे ठरवायचंच नाही, तर फाटक्या खिशात पगार ठेवल्यासारखं होईल, आणि तो पगार काही साधासुधा नाही.

म्हणून मला वाटतं एवढा पैसा ओतायच्या आधी एक छोटं काम करावं. सुकी किंवा मोर, कुठलीही एक नदी घ्या, तिच्या डोंगरापासून तापीपर्यंतच्या सगळ्या ग्रामपंचायती एकत्र घ्या, कारण जमिनीखालचं पाणी गावाची शीव बघून थांबत नाही. प्रत्येक गावात पाच-सात विहिरी-बोअरला सेन्सर, आकडा थेट गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठीत, पाऊस उघडला की लगेच ग्रामसभा, त्यात यंदाच्या पाण्यावर किती एकर केळी बसते ते मांडायचं. मृगबाग (जून-जुलैत लावायची केळी) तर तोपर्यंत लागून गेलेली असते, निदान कांदेबागेचा आकडा तरी ठरेल. जो ठरवेल त्या गावाला ग्रिडला जोडलेले सोलर पंप आधी द्या आणि मुरवायचं पाणी पण आधी सोडा. पहिल्या वर्षी ग्रामसभेत खुर्च्या फेकल्या जातील कदाचित, दुसऱ्या वर्षी पण. कोणीतरी म्हणेल माझ्या बापाचं पाणी, कोणीतरी सेन्सरची वायर तोडेल, ज्याचे तीन बोअर आहेत तो सरपंचाचा मेहुणा निघेल. तरी करा, आणि आकडे लपवू नका, कोणाच्या शिवारात पाणी किती फुटावर आहे ते मेच्या शेवटी सगळ्यांच्या मोबाईलवर येऊ द्या.